मामीचा आवाज

आदरणीय मामा,

तुम्ही राजीनामा दिलात त्याच दुपारी, कंपनीची गोपनीय माहिती बाहेर जाऊ नये म्हणून, तुमच्या फोनमधले सगळे ऑफिसात बसूनच पुसले गेले. फोन तुमचा स्वतःचा होता, पण ऑफिसची मेल त्यावर येत असे. कर्मचाऱ्याला आधी कळवायचे नाही, असा नियम आहे. ऑफिसात हे काम माझ्याकडे आहे; पुसणारी मीच होते, आणि हे तुम्हाला ठाऊक नाही.

काल तुम्ही हसत म्हणालात, "अगं, मला चोर समजून सगळंच धुऊन नेलं की! तू कॉम्प्युटरवाली ना? तुझी मामी गेली, निदान फोनमध्ये साठवलेला तिचा आवाज तेवढा काढून दे."

पुसलेले परत येत नाही. तरीही मी "बघते" म्हणाले.

हे पत्र माझ्याकडेच राहील. रविवारी तुम्ही फोन घेऊन याल. मी तासभर खोटी खटपट करीन, आणि तुम्ही शेजारी बसून म्हणाल, "सावकाश कर, बाळा."

तुमची,
भाची