कोठाराच्या भिंतीतलं भोक

३ फेब्रुवारी २००३, सोमवार

सगळ्यात आधी आली ती हंसाच! कंपनीचे लोक अकराला यायचे, आणि ही माझी नणंद सकाळीच नवं लुगडं नेसून दारात. म्हणे, "वयनी, कोन कोन येनार ते बघायला आले." बोलावलं कुणी? बरं, कोठाराचं दार काही उघडेना. बाहेरून ती ओढतेय, आतून माझी नात जागृती ढकलतेय. उघडलं ते एकदम — हंसा थेट तुळशीपाशी जाऊन बसली! म्हणते कशी, "कोठारात काय तरी हाय, वयनी." म्हटलं आहे ना, वालाचं बिरडं आहे, आत ये.

भाताचं जुनं कोठार आता जागृतीचं किचन झालंय. शेगडीवर धूर ओढायचा हा मोठा हूड. मुंबईत एक हॉटेल बंद पडलं तिथून माझ्या लेकाने, शत्रुघ्नने, आणला. बटण दाबलं की विमान उडाल्यासारखा आवाज! साठ कामगारांचं रोजचं जेवण, एवढी एक ऑर्डर मिळाली की झालं. नाही मिळाली तर वाडी बिल्डरला. शत्रुघ्नने तोंडावर सांगितलंय, होळीपर्यंत थांबतो. "आई, केळी विकून आता घर चालत नाही. सगळं उमेळं गाव दिलं लोकांनी, आपणच राहिलो." खोटं नाही बोलत तो. म्हणून तर जास्त लागतं.

आले दोघं. सुनंदाबाई, कँटीनच्या मुख्य, आणि टाय लावलेला एक हर्षवर्धन. बाई बिरडं चाटूनपुसून खात होत्या. आणि मधेच नाक वर! वास. गटारासारखा, कुजका. मलाही आला, खोटं कशाला लिहू. बाईंनी फळीवरचा डबा पाहिला. "आजी, इथे सुकी मासळी ठेवता का?" मी आपली कौतुकाने — "ठेवते तर! जवळा आहे, बोंबील आहेत अर्नाळ्याचे, देऊ का थोडे?"

टायवाल्याने नाकाला रुमाल लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. "कळवतो" म्हणाले.

४ फेब्रुवारी

शत्रुघ्नने माझा सुकटीचा डबा अंगणात नेऊन ठेवला. झाकण नीट लावलं नाही. मांजरांचं लग्न लागलं रात्री. जागृती बोलत नाही माझ्याशी.

६ फेब्रुवारी

वास आहेच!!! डबा नाही, बोंबील नाही, मांजरंसुद्धा गेली, आणि वास आहे! सगळ्यांना सांगून आले. आधी शत्रुघ्नला, मग हंसाला, मग येताना वाटेत केळीवाल्याला पण सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

जागृतीने अर्धी बाटली फिनेल ओतलं. आता फिनेल घातलेल्या गटाराचा वास येतो. पण पोरगी येऊन गळ्यात पडली. "आजी, मी उगाच तुझ्या बोंबलांवर घेतलं." म्हटलं, बोंबलांची माफी माग, माझी नको.

८ फेब्रुवारी

आज मी जे पाहिलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

जागृती पुऱ्या तळत होती. हूड चालू, तरी धूर वर जाईना, तिथेच घुटमळत होता. डोळे लाल झाले पोरीचे. वासाला उतारा म्हणून मी उदबत्ती लावली आणि मोरीच्या कठड्यावर खोचली. बघते तर धूर आडवा! मोरीकडून निघाला तो सरळ शेगडीकडे. वाऱ्यावर फडकं उडावं तसा. वारा आला कुठून? म्हटलं, "जागृती, हूड बंद कर." बंद केला — धूर सरळ वर. "चालू कर." आडवा. "बंद कर." वर. "आजी, मोटर जळेल!" म्हटलं जळू दे, अजून एकदा कर.

म्हणजे वास मोरीच्या भोकातून येतो! हूड हवा ओढतो, आणि ती मिळते कुठून? गटारातून! दुसरी वाटच नाही. उंदीर-डासांना कंटाळून गेल्या साली शत्रुघ्नने सगळे झरोके सिमेंटने बुजवले, ॲल्युमिनियमची खिडकी बसवली, दाराला सगळीकडून रबर लावलं. गावभर सांगायचा, "डाससुद्धा शिरायचा नाही!" नाही शिरला बिचारा डास. हवाही नाही शिरली. दार घट्ट बसायचं ते त्यामुळेच. हंसाला कळवायला हवं की भूतबीत काही नाही. नकोच, तिला भूत आवडतं.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्सा आटपून सांडोर गावाहून रुडॉल्फ आला, जागृतीने बोलावला होता. दुबईला हॉटेलांत हवेच्या पत्र्याच्या नळ्या बसवायचा इतकी वर्षं. बोलायला लागला की दुबईच! "मावशी, तिकडे माझ्या नळ्यांतून माणूस रांगत जाईल." म्हटलं, आम्हाला माणूस नको, हवा हवी.

दार उघडून त्याने हूड लावला. धूर सरसर वर, मोरीचा वास गायब! मी म्हटलं झालं तर मग, दार उघडं ठेवू. जागृती म्हणाली, "माश्या येतील आजी, कंपनी नापास करेल." रुडॉल्फने समजावलं ते मला पटलं — जेवढी हवा बाहेर फेकायची तेवढी आत घ्यायची, पण आपल्या मर्जीच्या जागेवरून आणि गाळून. केळीच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडायचं, नळी, जाळी, आतमध्ये एक पंखा. हूडचं आणि त्याचं बटण एकच. "याला मेकप एअर म्हणतात, मावशी." अगं बाई! उमेळ्याच्या हवेला पावडर लावायची काय? मोरीच्या पाइपलाही वाकडी मान बसवणार, तिथे पाणी साचून राहतं आणि वास अडतो.

शत्रुघ्न सगळं ऐकत उभा होता. स्वतः बुजवलेली भिंत परत फोडायची म्हणजे तोंड कडूच. "आधीच सांगायचं ना कुणीतरी." कोण सांगणार! तू विचारलंस कुणाला?

११ फेब्रुवारी

भिंत फोडली. सगळीकडे धूळ. भोकातून आपली केळी दिसतात. मी किती वेळ बघत बसले.

१३ फेब्रुवारी

फजिती! नवा पंखा लावला तो असा सुटला की शेगडीची ज्योत आडवी होऊन विझली आणि परातीतलं तांदळाचं पीठ उडालं ते सगळं रुडॉल्फच्या तोंडावर. मिशा, भुवया, सगळं पांढरं! "दुबईत असं कधी झालं नाही!" — "तिकडे तांदळाची भाकरी कोण करतं?" मी म्हटलं. सगळे हसलो, आणि मग शत्रुघ्न हसता हसता थांबला.

रात्री त्याने बिल्डरच्या माणसाला फोन केला. चोवीस तारखेला, सोमवारी, या म्हणून. मी म्हटलं, होळीपर्यंत थांबणार होतास ना? "नुसतं बोलायला येतोय, आई." नुसतं बोलायलाच येतात सगळे. आपल्या शेजारच्या वाडीत पण नुसतं बोलायलाच आले होते. आता तिथे चार मजले आहेत.

जेवले नाही.

१५ फेब्रुवारी

जमलं!!! नळीच्या तोंडाला रुडॉल्फने भोकाभोकांचा पत्रा लावला, चाळणीसारखा, आणि पंख्याचा जोर कमी केला. मी परवाच म्हटलं होतं त्याला, पीठ चाळतो तशी हवा चाळ. तो म्हणतो, "माझ्या डोक्यात तेच होतं, मावशी." असेल. दोघांच्या डोक्यात होतं असं लिहिते.

हूड चालू, ज्योत जागेवर, धूर वर. दार एका बोटाने उघडलं — मी स्वतः उघडलं, सातआठ वेळा. मोरीपाशी उदबत्ती लावली, धूर सरळ! जागृतीने मला धरून गोल फिरवलं, माझे गुडघे ओरडले पण मी नाही. मग मुद्दाम बोंबील भाजले. मुद्दाम! दोन मिनिटांत वासाचं नाव नाही. शत्रुघ्न नाक ओढून बघत होता. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१७ फेब्रुवारी

जागृतीने कंपनीला फोन लावला. काय झालं होतं ते खरं खरं सांगितलं, गटार आणि सगळं. मी खुणा करत होते, गटार नको बोलू! ऐकते कोण. सुनंदाबाई म्हणाल्या शुक्रवारी येतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आले. हंसा आजही आधी, पण दार उघडायला घाबरत होती. मीच उघडलं तोऱ्यात.

सगळ्या शेगड्या पेटवून ठेवल्या होत्या. टायवाला कोपऱ्याकोपऱ्यात हुंगत फिरला, मांजर फिरतं तसा. मोरीपाशी वाकला. नळीखाली उभा राहिला तर टाय हलकेच हलला, आणि हसला की! पहिल्यांदा. सुनंदाबाईंनी केळफुलाची भाजी दोनदा मागून घेतली. मला म्हणाल्या, "आजी, मागच्या वेळी तुमच्या डब्याला उगाच नावं ठेवली." मी म्हटलं, असू द्या हो, डब्याने मनावर घेतलं नाही.

जाताना काय म्हणाले? "कळवतो!" परत तेच! सोमवार तीन दिवसांवर आला. जागृती भांडी घासतेय, घासलेलीच परत घासतेय.

२२ फेब्रुवारी

सकाळी बाईंचा फोन आला. दुपारचं जेवण तर आपलंच, रात्रपाळीचं पण द्याल का, विचारतायत. त्यानंतर शत्रुघ्नने एक फोन केला, मी दाराआड उभी राहून ऐकला — "नाही, येऊ नका. वाडी द्यायची नाही." मग बाहेर येऊन मला म्हणाला, "आई, मागच्या भिंतीलाही भोक पाडावं लागेल. दुसरा हूड लागणार."

कंपनीवाले सोमवारी परत येतो म्हणालेत.