लाल ओळीतले नऊ फोन

७ जुलै
एप्रिलनंतर आजच वही उघडली. माफ कर. कामाचे कारण देता येईल, पण ते खरे नाही. लिहिले असते तर हेच लिहावे लागले असते.

आतड्याच्या कॅन्सरच्या अभ्यासात माझे काम फोनचे. ऑपरेशन झालेल्यांना दर तीन महिन्यांनी विचारायचे, कसे आहात. गाठीतल्या पेशी साखर-चरबी कशी वापरतात हे ठरवणारी जनुके पाहून, आजार उलटेल का याचा अंदाज बांधलाय. तो बरोबर की चूक, हे या फोनवरूनच ठरणार. म्हणून कोण जास्त धोक्याच्या गटात आणि कोण कमी, हे फोन करणारीला कळू नये असा नियम. एप्रिलमध्ये अभ्यासाचे प्रमुख असलेल्या सरांकडून चुकून गटांसह पूर्ण तक्ता आला. जास्त धोक्याच्या ओळी लाल.

मी पाहिल्या.

८ जुलै
मोजले. बाकी सगळे फोन वेळेवर. लाल ओळीतले नऊ राहिलेले. 'उद्या करू', नऊ जणांच्या बाबतीत. कोणी गेले असेल तरी मला माहीत नाही, कोणी ठणठणीत असेल तरी नाही. भीती माझी, खड्डा अभ्यासात.

९ जुलै
सरांना सांगितले. ते म्हणाले, "तक्ता पाठवला ही माझी चूक. फोन नाही केले ही तुमची. दोन्ही लिहून ठेवा, अभ्यासाच्या पेपरमध्ये जातील. पुढचे फोन दुसरं कोणी करेल. हे नऊ मात्र तुम्हीच करा, लोक तुमचा आवाज ओळखतात."
अशा माणसाच्या हाताखाली सहा वर्षे काम करतेय, आणि हे कधी लिहिलेच नाही.

१० जुलै
पहिला फोन रामटेकच्या काकांना. बराच वेळ वाजला. ठेवणार, तेवढ्यात त्यांनीच उचलला. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू; मागे बायांचा गलका.
"काहून मॅडम, जित्ता हाव का मेलो, पाहून राहिल्या न?"
फोनला उशीर झाला, म्हटले.
"आमाले वाटलं तुमीच बिमार पडल्या. बुढी गडावर रामाच्या मंदिरात जाऊन आली तुमच्या नावानं."
मागून त्यांची बायको, काकू: "जेवत जाय म्हना तिले."

जेवण जाते, वजन थोडे उतरलेय. रोवणा आटोपला की तपासणीला येतो म्हणाले. तारखेसह नोंदवले. एका माणसामुळे अंदाज खोटा पडत नाही, कळते. तरी फोन ठेवून रडले. माझ्यासाठी कोणी गड चढले, आणि मी साधा फोनही...

आठ राहिले.

उद्या: स. १०, पारशिवनीला फोन.