पेरेतचा चेहरा, बाईसाहेबांचं रेशीम

३ मार्च १७६१, मंगळवार

आधी चितारी आला, मागून माझी नात पेरेत, आणि शेजारची मातुरीन न बोलावताच. चिताऱ्याच्या काखेत पांढरा पाव! मला वाटलं माझ्यासाठी. सुरी शोधते तोवर त्यानं आतला मऊ गर काढला, गोळी वळली आणि पेरेतच्या चित्रातला चुकलेला कान पुसला. आम्ही सणालाही काळा पाव खातो, आणि हा पुसायला पांढरा वापरतो. "रंगीत खडूला हाच लागतो, आजीबाई." लागतो म्हणे.

पेरेतच्या मालकीण बाईसाहेबांची मान दुखते, म्हणून चित्रासाठी त्यांचा झगा घालून पेरेतच बसते. झग्यावर चेहरा बाईसाहेबांचा काढायचा. पण यानं एकदा गंमत म्हणून पेरेतचाच काढला, साखरेची ढेप गुंडाळतात त्या निळ्या कागदावर. बाईसाहेब हसल्या. "दे तिच्या म्हातारीला."

दिलं. ईस्टर झाला की ती मंडळी बोर्दोला जाणार, पेरेतही. मला मागे एवढाच चेहरा.

५ मार्च

ज्याला त्याला चित्राला बोट लावायचंय. नुसती भुकटी ती, शिंकलं तरी उडेल. मातुरीन म्हणते, "ओलं आहे का बघत होते गं." हनुवटीवर बोट उमटलं तिचं. काच हवी. घरात काच एकच, खिडकीची. बाकी खिडक्यांना तेलकट कागद. ती काच काढली, भोकाला फळी ठोकली. आता भरदुपारी कांदा चाचपडत चिरते. पण पोरगी काय दिसते काचेत—राणीसारखी.

६ मार्च

मातुरीन परत. आता लांबूनच बघते, हात मागे बांधून.

९ मार्च

चिताऱ्याला घेऊन बाईसाहेब स्वतः आल्या. कुणी चुगली केली देव जाणे. (मातुरीन.) "ही कोण?" काचेतल्या पोरीला आधी ओळखेचनात. ओळखल्यावर तोंड आंबलं. "धोबिणीची नात, माझ्या झग्यात, काचेमागे? लोक काय म्हणतील?" उघड्या कागदावर हेच बघून हसल्या होत्या ना? चितारी आपल्या बुटांकडे बघत उभा.

"झगा माझा, म्हणजे चित्र माझं. गुरुवारी येऊन नेऊ."

मी म्हटलं, चेहरा आमचा आहे बाईसाहेब.

"चेहऱ्याला कोण विचारतंय, आजीबाई?"

दार उघडून धरलं त्यांना. पेरेतची चाकरी आहे.

११ मार्च, बुधवार

चितारी विसरलेला पाव वाळला होता. वाफ दिली, मऊ झाला. गळ्याखालचा सगळा झगा पुसून काढला. पेरेत तेवढी राहिली, काचेमागे. बाईसाहेबांचं रेशीम पावाच्या गोळ्या करून बशीत झाकून ठेवलंय, कणभरही ठेवून घेतलं नाही. उद्या येणार म्हणाल्यात. गुरुवारी.