मंदिराचा माइक

ग्वाल्हेर, मंगळवार संध्याकाळ

आज माइक दिला नाही. हजीरा मोहल्ल्यात सलीमने आमच्या शेजारच्या दीपकचं डोकं फोडलं, म्हणून आरतीआधी झेंडेवाले त्यांच्या पुढाऱ्यासोबत मंदिरात आले. पुढारी म्हणाला, “काकू, माइक दीजिए, एलान करना है.” उद्या सलीमच्या गल्लीवर मोर्चा न्यायचा होता. भजनासाठी माइक माझ्याच हातात होता, तो सोडला नाही. आरतीला आलेल्या दीपकच्या आईलाच दिला. ती म्हणाली, “भांडण सवारीवरून, एका गिऱ्हाइकावरून झालं. दोघं एकाच स्टँडवर ऑटो लावतात. पोलिसांत रिपोर्ट लिहवली आहे. माझ्या पोराच्या नावावर कुणाचं दुकान जाळू नका.”

सलीमला शिक्षा व्हावीच, डोकं फोडल्याची. त्याच्या गल्लीने काय केलं? एवढं बळ मला कुठून आलं? देवानेच दिलं.

मोर्चा रद्द झाला. पुढारी मुकाट्याने आरतीला थांबला. त्यालाही प्रसाद दिला, सगळ्यांसारखा एकच पेढा.