ज्यांचे कान, त्यांचेच पैसे

बाबा, आज माझ्या हाताखालच्या एका मुलीला पीएचडीसाठी पैसे मंजूर झाल्याचं पत्र आलं. तिचा विषय माझाच आहे, बहिरेपण आणि कानातला न थांबणारा आवाज. ऐरोलीत हेडफोन लावून दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या मुलांचे कान ती तपासणार आहे. तिनं मला विचारलं, तुमच्या वेळी फंडिंग कुणी दिलं होतं? मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या खात्यानं. तिला वाटलं, तुम्ही सरकारी खात्यात मोठे अधिकारी होता. मी तिला लगेच दुरुस्त केलं नाही. दोन मिनिटं तुम्हाला अधिकारी राहू दिलं आणि मग सांगितलं, खातं म्हणजे कारखान्यातलं फोर्जिंगचं, तापलेल्या लोखंडावर घण पडतो ते.

दिघ्याच्या आपल्या खोलीतला एक दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. मी सातवी-आठवीत असेन. तुम्ही पहिली पाळी करून आला आहात, आई ताट वाढते आहे. तुम्ही घास तोंडाशी नेता, थांबता आणि म्हणता, "स्टो बंद कर गं, कवाचा फरफरतोय." स्टो विझून तास झाला होता. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग उठून स्टोची चावी उगाच फिरवल्यासारखं केलं आणि परत येऊन बसली. तुम्ही जेवायला लागलात. तो आवाज तुमच्या कानातच आहे, हे आईला माझ्याआधी कळलं होतं. पुढे माझ्या शिक्षणाची प्रत्येक पायरी मी त्या विझलेल्या स्टोवरूनच चढले, पण हे तुम्हाला कधी बोलले नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मुंबईतल्या ज्या इस्पितळात मी शिकत होते तिथल्या प्राध्यापक बाईंनी मला पीएचडीच्या संशोधनाला घेतलं. शिष्यवृत्तीत माझा जाण्यायेण्याचा खर्च जेमतेम निघायचा. कान तपासायचं यंत्र कामगारांपर्यंत न्यायचं तर ते विकत घ्यावं लागणार होतं, आणि त्याला पैसे नव्हते. मग तुम्हीच म्हणालात, आमच्या सायबांना विचारू. तुम्ही कारखान्याचा निळा ड्रेस घालून माझ्याबरोबर ऑफिसात आलात. साहेब सज्जनपणे बोलले. सगळे पैसे कंपनी देईल म्हणाले. फक्त प्रबंध सादर करण्याआधी ऑफिसला दाखवायचा, आणि बहिरेपणाचं कारण लिहिताना वय, सर्दी, गावाकडच्या लग्नातले बँड हे सगळं आधी घालायचं. मशीनचा आवाज शेवटी, तोही "असू शकेल" म्हणून. तुम्हाला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही मला विचारलंत, काय म्हनाले? मी मोठ्यानं सांगितलं, पैसे देतो म्हणाले. तुम्ही साहेबांच्या तोंडाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणालात, "आनि बदल्यात काय? लिवून दे."

मी लिहून दिलं. रात्रशाळेत शिकल्याप्रमाणे ओळीखाली बोट धरून तुम्ही ते वाचलंत, कागदाची घडी खिशात घातलीत, उठलात आणि साहेबांना हात जोडून नको म्हणालात. बाहेर सायकल स्टँडपाशी येऊन तुम्ही सायकलचं कुलूप काढलंत. मग म्हणालात, "तू हो म्हननार होतीस." ते खरं होतं. मला डिग्री हवी होती, आणि एका वाक्याची जागा बदलली तर काय बिघडतं, असं मला त्या खोलीत मनापासून वाटलं होतं. तुम्ही मला त्यापूर्वी आणि त्यानंतरही कधी टाकून बोलला नाहीत. त्या दिवशी म्हणालात, "आमचे कान हायेत. पैसा पन आमचाच लागंल."

त्यानंतर कारखान्यात जे घडलं ते मला तुमच्या मित्रांकडून कळलं. दिवाळीचा बोनस झाला त्या दिवशी तुम्ही कँटीनमध्ये बाकावर उभे राहिलात आणि, तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत की माझी मुलगी आपले कान मोजणार आहे, ज्याला जमेल त्यानं द्यावं. काहींनी दिले. काही घाबरले, कान गेला असं कागदावर आलं तर नोकरी जाईल म्हणून. त्यांना तुम्ही शब्द दिलात की नावं कुठेही येणार नाहीत, फक्त आकडे येतील. तो शब्द मी पाळला.

यंत्र आलं, पण आवाजबंद खोली कुठून आणणार? ती आईनं केली. वस्तीतल्या विहाराच्या भिंतींवर घरोघरच्या गोधड्या टांगल्या. रविवारी सकाळी आमची तपासणी चालू असेपर्यंत आख्ख्या गल्लीत रेडिओ लागत नसे, आणि बायका पोरांना खेळायला पार खाडीच्या बाजूला पिटाळत. एकेक दांडगा माणूस त्या गोधड्यांमध्ये येऊन परीक्षेला बसल्यासारखा बसायचा. पहिले तुम्ही बसलात. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच काम. मी बटण फिरवत गेले, आवाज वाढवत गेले, आणि तुमचं बोट मांडीवरच राहिलं. शेवटी तुम्ही हेडफोन काढून विचारलंत, "किती गेलं?" मी आकडा सांगितला. तुम्ही म्हणालात, "मंग लिव तसंच."

तसंच लिहिलं, बाबा. पैसे कुणी दिले त्या ओळीत मी लिहिलं, "फोर्जिंग खातं, पहिली आणि दुसरी पाळी." बाईंनी विचारलं, ही कुठली संस्था? मी सांगितल्यावर त्यांनी ती ओळ होती तशीच ठेवली. त्या साली तुमचा ओव्हरटाइम बंद झाला, हे आईनं मला तुम्ही गेल्यावर सांगितलं. तुम्ही निवृत्त झालात त्यानंतर दोन वर्षांनी त्या खात्यात प्रत्येकाला कानावर लावायची झापडं मिळाली. तुमचे मित्र ती दाखवायला घरी घेऊन आले होते. तुम्ही ती घालून पाहिलीत आणि हसलात, म्हणालात, आता मला काय फरक पडतोय. पण दुसऱ्या दिवशी सबंध वस्तीला सांगत फिरलात.

आज त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी तिनं विचारलं, मग तोंडी परीक्षेला ते आले असतील ना? "आले होते," एवढंच मी म्हटलं आणि विषय बदलला. तुम्ही आला होता, पांढरा सदरा घालून, खात्यातल्या दोघांना घेऊन. परीक्षा सर्वांना खुली होती. मी तुम्हाला म्हटलं, आत जागा नाही, आणि तुम्ही तिघंही दोन तास जिन्यात थांबलात. जागा होती, बाबा. मागची रांग सगळी मोकळी होती. परीक्षकांसमोर तुम्ही मोठ्यानं बोलाल याची मला लाज वाटली.