दुसऱ्या नंबरची तयारी

३ मार्च, सकाळी ७.१०
निकाल आला. मी पहिला! जुन्या विमानांच्या संग्रहालयाने ऑनलाइन चाळीस फोटो दाखवले होते, नुसत्या कॉकपिटचे. त्यावरून विमान ओळखायचं. माझी एकोणचाळीस बरोबर. चाळिसावं त्यांचंच चुकलं असणार. हार्वर्ड विमान तर चार सेकंदांत ओळखलं.
बायकोने तडक तिच्या ताईला फोन लावला. आमच्या ह्यांना विमानातलं सगळं कळतं म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्यावरून तिने बढाई मारलेली पहिल्यांदाच ऐकली. चहा दोनदा मिळाला.

३ मार्च, सायं. ६.३०
ईमेलचा खालचा भाग आत्ता वाचला. अंतिम फेरी १८ तारखेला, संग्रहालयात. तिघे स्पर्धक, एकच विमान. एकेकाला डोळे बांधून खऱ्या कॉकपिटमध्ये बसवणार, वरची काच लावून घेणार, मग पट्टी सोडायची आणि विमान ओळखायचं. सगळ्यात कमी वेळ घेणारा पहिला. बक्षीस: टायगर मॉथमधून आकाशात वीस मिनिटांची चक्कर. टायगर मॉथला वर छप्पर नसतं.
ॲसिडिटी वाढली. दुसरा चहा नडला.

५ मार्च
गैरसमज नको म्हणून नोंद करून ठेवतो. मी विमानाला घाबरत नाही. आजवर बसलो नाही, कारण योग आला नाही. ऑफिसात चौथ्या मजल्यावर जिन्याने जातो तो व्यायाम म्हणून. गेल्या वर्षी लिफ्ट अडकली होती त्याच्याशी संबंध नाही.

७ मार्च
संग्रहालयातल्या बाईंना फोन केला. बक्षीस म्हणून विमानाऐवजी एखादं पुस्तक चालेल का, सहज विचारलं. नाही म्हणाल्या. टायगर मॉथ किती जुनं? पंच्याऐंशी वर्षांचं, अगदी कौतुकाने सांगितलं. सीटचे पट्टे तेव्हाचेच का, हे विचारायचं राहून गेलं.

८ मार्च
तोडगा सापडला. दुसरा नंबर काढायचा! मान राहतो आणि पाय जमिनीवर राहतात. एक स्पर्धक निवृत्त मेकॅनिक, तो दहा सेकंदांत सांगेल. दुसरी कॉलेजातली मुलगी, तिची पंचवीसच बरोबर होती. आपण ओळखायचं, मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे, मग तोंड उघडायचं. इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही?

११ मार्च
सराव. बायको मोबाइलवर संग्रहालयाच्या वेबसाइटवरचे फोटो दाखवते, पहिल्या फेरीत आले होते तेच, माझे कधीचेच पाठ. मी धडाधड नावं सांगतो. माझी स्वतःची पद्धत आहे. डाव्या डायलवर लाल चिकटपट्टी: हार्वर्ड. सीटवर निळा रुमाल: डकोटा. कोपऱ्यात फोटोग्राफरचा अंगठा: कॅटालिना. बायकोने विचारलं, या खुणा विमानाच्या की फोटोच्या? अभ्यास नसलेल्या माणसाला हे समजावणं अवघड आहे.

१४ मार्च
बंद काचेचा सराव म्हणून कपड्यांच्या कपाटात बसलो. पंधरा मिनिटं ठरवली होती. चाळीस सेकंदांनी फोन वाजल्यासारखा वाटला, बाहेर आलो. फोन वाजला नव्हता. बायकोने विचारलं, घाम का आलाय? स्वेटर शोधत होतो म्हणालो.

१६ मार्च
ताई आणि साडू स्पर्धा बघायला येणार. साडू वर्षाला दहा वेळा विमानाने जातो आणि खिडकीपाशी बसतो, असं तो स्वतःच सांगतो. बायको म्हणाली, या वेळी त्याला बोलायला जागाच ठेवू नका.
आता नवीन काळजी. मेकॅनिक अडखळला तर? मी चुकून पहिला आलो तर? तीसऐवजी पन्नासपर्यंत मोजावं. अक्षर वेडंवाकडं येतंय. पेन बदलायला हवं.

१८ मार्च, सकाळी ८
तयारी पूर्ण. साठपर्यंत मोजणार. नाश्ता गेला नाही.

१८ मार्च, सायं. ५.४०
डोळे बांधून शिडीवर चढवलं. शिडी हलत होती. मागून कोणीतरी म्हणालं, शिडी नाही, तुमचे पाय हलतायत. आत बसलो. काच खट्कन बंद झाली, पट्टी सोडली. समोर नुसते डायल. सगळे काळे, सगळे सारखे. लाल चिकटपट्टी नाही. रुमाल नाही. अंगठा नाही. मान वळवली तर खांद्याशी, गुडघ्याशी आणखी खटके, जे कुठल्याच फोटोत नव्हते. ठरल्याप्रमाणे आकडे मोजले. साठ झाले. शंभर झाले. श्वासाने काच धुरकटली आणि तिच्यापलीकडे बायको हात हलवत होती. एकशे चाळीसला काच बडवली.
विमान हार्वर्ड होतं. मेकॅनिकला नऊ सेकंद लागले, मुलीला बावन्न. साडूने माझी पाठ थोपटली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१९ मार्च, सकाळी ७
बायकोने चहा समोर ठेवला, शेजारी बसली.
"तुम्ही मुद्दाम हरलात ना? हार्वर्ड तुम्ही चार सेकंदांत ओळखता. वर जायची भीती वाटत होती, हो ना? मला सांगायचंत की."
मी हो म्हणालो.
तिने माझ्या हातावर हात ठेवला. मग ताईला फोन. ह्यांनी केव्हाच ओळखलं होतं, पण उडायची भीती वाटते म्हणून गप्प बसले. पुन्हा बढाईच, आणि आधीपेक्षा मोठी.
मी भित्रा आहे हे आता तिच्या माहेरी सगळ्यांना कळलं. कळू दे, ते खरंच आहे. पण काचेखाली बसल्यावर छातीत धडधडत होतं ते उडायच्या भीतीने नाही. मला काहीच येत नाही, हे तिथे कळलं.

१९ मार्च, सकाळी ७.२५
बायको आत्ताच सांगून गेली. रविवारी पुन्हा संग्रहालयात जायचं, या वेळी स्पर्धा नाही, घाई नाही. ताई आणि साडूही येतायत. मी तिघांना एकेक विमान आतून दाखवायचं, नावासकट.
बरं म्हणालो. भीती वाटते.