सर्व्हर-रूममधला बर्फ

स्फाक्स, १४ ऑक्टोबर

प्रिय विदाद,

हे पत्र तुला औषधांच्या खोक्यातून मिळेल. तुमच्या केर्केना बेटावरच्या औषध-दुकानदाराला मी फोन करून सांगितलंय, की इन्सुलिनच्या शेजारी एक लिफाफा आहे, तो फ्रीजमध्ये ठेवू नका, विदादला द्या. तो म्हणाला, "मादाम, सरळ तिला फोन करा ना, मला पोस्टमन कशाला करता?" पण फोनवर तू फार चांगली वागतेस. कशी आहेस, आई बरी आहे, देवाची कृपा, एवढ्यावर आपण आठ वर्षं भागवली. पत्राचं बरं असतं, नाही आवडलं तर फाडता येतं.

आधी बातमी. माझा डावा घोटा मोडला होता. आता चालते, काठी घेऊन, आणि जिना उतरताना पायऱ्या मोठ्यानं मोजते. तो कसा मोडला हे मीच सांगितलेलं बरं, कारण आपले गोदामवाले शाद्लीकाका ती गोष्ट रोज नव्यानं सांगतात. परवाच्या गोष्टीत मी दोन मजले गडगडत खाली आले होते.

जुलैतला मंगळवार होता. वाळवंटाकडून वारा सुटलेला, आणि सकाळी दहाला सर्व्हर-रूमचा एसी बंद पडला. पहिला अडला तर असावा म्हणून दुसरा घेतला होता, तो अर्ध्या तासानं त्याच्या पाठोपाठ गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "भाग ट्युनिसहून मागवलाय, उद्या संध्याकाळपर्यंत येईल, इन्शाल्ला." त्याच्या इन्शाल्लाचा अर्थ आपल्याला माहीत आहे. खोलीतला काटा छत्तीसवर, मग एकोणचाळीसवर. ज्यांच्यावाचून अडणार नाही ती सगळी यंत्रं मी बंद केली. पण ऑर्डरींचा सर्व्हर, ज्याला तू 'म्हातारा' म्हणायचीस, तो कसा बंद करणार? दुपारच्या गाड्यांच्या याद्या त्यातूनच निघत होत्या. सत्तर दुकानांची औषधं, आणि तुमच्या बेटाची तीनची बोट. म्हातारा बसला असता तर त्या दिवशी कुणाला काय द्यायचं हे गोदामात एकालाही कळलं नसतं.

मी वहीनं वारा घालत होते, विदाद. छत्तीस हजार औषधांच्या नोंदी असलेल्या यंत्राला वहीनं वारा. शाद्लीकाका दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मासळी नासू नये म्हणून काय करतात, मादाम?" त्यांचा मेव्हणा मासळीबाजारात आहे. वीस मिनिटांत बर्फाच्या लाद्या वर आल्या, सार्डिनच्या क्रेटांतून, सार्डिनच्या वासासकट. क्रेट यंत्रांपासून लांब ठेवले, मागे चार पंखे लावले, आणि काटा खरंच उतरायला लागला. आपले मालक, सी मुख्तार, नाकाला रुमाल लावून आले. सगळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "नझीहा, आपण अजून औषधंच विकतो ना?"

शेवटची यादी छापायला गेली, ती तुमच्या बोटीची. मी वळले आणि बर्फाच्या पाण्यावरून पाय सटकला. घोट्यातून आवाज आला तो मलाही ऐकू आला. हमाल उचलायला धावले तर मी म्हणाले, "थांबा, आधी यादी पूर्ण निघू दे, आणि राखीव प्रत घेतली गेली का तेवढं बघा." शाद्लीकाका म्हणाले, "उचला रे हिला, नाहीतर ही इथेच कबर मागेल." पण यादी निघाली. बोट तीनला सुटली. तुमच्या दुकानात औषधं वेळेवर पोचली असतील आणि त्यांना माशाचा वास आला असेल तर आता कारण कळलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, जिने नाहीत, गाडी नाही, आणि रऊफनं, माझ्या नवऱ्यानं, त्यात आपल्या हातचा चहा जोडला. तो अजून तसाच करतो, पुदिन्याची जुडी उकडल्यासारखा. माझा जीव मात्र त्या खोलीत. कारण तुझ्या जागी मी कुणाला धड तयार केलंच नव्हतं. दोन-तीन जण आले, सहा महिन्यांत गेले. मी म्हणत राहिले, हल्लीच्या लोकांना टिकून काम करायला नको. त्यामुळे पहिले दोन दिवस मी सोफ्यावर फोन घेऊन आणि शाद्लीकाका त्या खोलीत. "निळी वायर काढा." "इथे सगळ्या निळ्याच आहेत." "जिच्याजवळ दिवा लुकलुकतोय ती." "मादाम, इथे दिवाळखोराच्या डोळ्यांसारखं सगळंच लुकलुकतंय." एकदा त्यांनी चुकून गोदामाची घंटा बंद केली आणि लोक जेवायला गेलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला तुझी फाइल आठवली. खरं सांगायचं तर आठवली पहिल्याच दिवशी, मागवायला दोन दिवस लागले. शाद्लीकाकांनी ती कपाटातून शोधून घरी आणली. तुझ्या अक्षरात चार पानं: बाहेरून सुरक्षित मार्गानं आपल्या यंत्रांवर कसं काम करावं, कुणाला कुठवर येऊ द्यावं, चोर आला तर कोणतं दार आधी लावावं. त्यातली निम्मी साधनं आता जुनी झालीत, ती मी बदलली, फोनवर येणारा दुसरा आकडा टाकल्याशिवाय आत जाता येणार नाही असं केलं. पण विचार सगळा तुझाच. त्या पानांवरून बोट फिरवत मी ते उभं केलं आणि संध्याकाळी सोफ्यावरून म्हाताऱ्यापर्यंत पोचले. रऊफ म्हणाला, "हसतेस का?" मी म्हटलं, पाय दुखतोय.

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले, हे कबूल करते. पाय उशीवर, मांडीवर लॅपटॉप, बाजूला सोललेले वाटाणे. यंत्रांवर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅमही लावला. कोणती डिस्क थकत चाललीय हे तो आठवडाभर आधी सांगतो. माझ्या सासूबाईंना तो फार आवडला, त्या त्याला आपल्या गुडघ्यांबद्दल विचारायला सांगतात.

सहाव्या आठवड्यात सी मुख्तार बदामाची मिठाई घेऊन भेटायला आले. माझा संसार बघितला, मग पेला खाली ठेवून म्हणाले, "सहा आठवडे त्या खोलीत कुणी बसलं नाही आणि आपली एक गाडी चुकली नाही. मग इतकी वर्षं आपण तिथे नक्की काय थंड करत होतो?" ते हसले. मीही हसले, पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

मग ठरलं. आपली यंत्रं काढायची आणि ट्युनिसच्या एका मोठ्या केंद्रात जागा भाड्यानं घ्यायची, लागेल तेवढी, मोसम संपला की कमी. हिवाळ्यातल्या सर्दी-तापाच्या दिवसांत जास्त. सगळे त्याला क्लाउड म्हणतात. शाद्लीकाका म्हणाले, "स्फाक्सच्या आभाळात ऑगस्टभर ढग दिसत नाही, आणि ही बाई आपली औषधं ढगात ठेवणार." गोदामाच्या टॅबलेटसाठी त्यांच्या अंगठ्याचा ठसा घ्यायला गेले तर यंत्र ठसाच घेईना. चाळीस वर्षं खोकी उचलून रेषा झिजल्यात. दहाही बोटं लावून झाली. शेवटी त्यांचा चेहरा नोंदवला. आता ते टॅबलेटसमोर उभे राहून आधी मिशा नीट करतात.

सप्टेंबरच्या एका रविवारी सगळं हलवलं. ट्युनिसचे इंजिनिअर तिकडे, मी माझ्या बैठकीच्या खोलीत. दुपारी चारला जुनी आणि नवी गणती लावली तर सदतीस दुकानं कमी. सोमवारी सकाळी सात वाजता ऑर्डरी सुरू होतात. तासभर शोधल्यावर दिसलं, सदतीसपैकी प्रत्येक दुकान बेटावरचं किंवा बोटीच्या धक्क्याच्या वाटेवरचं. तू ती वेगळ्या कप्प्यात ठेवली होतीस, बोटीच्या वेळा गाड्यांच्या वेळांत मिसळू नयेत म्हणून, आणि तो कप्पा हलवायला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तो हलवला. गणती जुळली. ट्युनिसच्या इंजिनिअरनं विचारलं, "ही मांडणी कुणी केली? फार विचारानं केलीय." मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्या अजून आहेत का तुमच्याकडे?"

त्याला मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी काठी टेकत सी मुख्तारांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

विदाद, आईला झटका आला तेव्हा तू मला अर्ज दिला होतास. आठवड्यातले चार दिवस बेटावरून काम करीन, एक दिवस येईन, सगळी सोय मी करून दाखवते, आणि सोबत ती चार पानं. मी तुला दोन दिवसांनी सांगितलं, मालक नाही म्हणाले, यंत्रं इथे आहेत तर माणूसही इथेच हवं. मालकांनी तो अर्ज कधी बघितलाच नाही. मी तो त्यांच्यापर्यंत नेला नाही. नियमाचं कारण नव्हतं. तुझी चार पानं वाचून मला कळलं होतं की हे जमेल, आणि जमलं तर त्या थंडगार खोलीत किल्ली कमरेला लावून बसलेल्या माझी गरज काय, हे सगळ्यांना कळेल. म्हणून तुला जाऊ दिलं. साथीच्या वर्षी सगळं जग घरून काम करत होतं तेव्हाही मी पास काढून लोकांना ऑफिसात बोलावलं, तीच भीती. हे सगळं मी सी मुख्तारांना जसं घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तिलाच आपल्याकडे राहायचं नव्हतं. आठ वर्षं मी तिच्यावर रुसून होतो." मग त्यांनी स्वतःच्या हातानं कागद लिहिला, तो या लिफाफ्यात आहे. पद माझ्या बरोबरीचं, जागा केर्केना, तुझं घर, तुझ्या वेळा. आई आता अंगणापर्यंत येऊन कोंबड्यांना रागावते असं दुकानदार सांगतो, त्यांना एकटं सोडायचं नाही. माझ्यावर रागव, हवं तितकं, तो तुझा हक्क आहे आणि त्यासाठी मी येत्या रविवारच्या सकाळच्या बोटीनं स्वतः येतेय, काठीसकट. तुला मला भेटायचं नसेल तर धक्क्यावर येऊ नकोस, मी समजेन आणि त्याच बोटीनं परत जाईन. पण तो कागद माझ्यासाठी फाडू नकोस. त्यावर सही करायची की नाही हे या वेळी तू ठरव, मधे मी नाही.

तुझीच,
नझीहा